तुटायचं कोणी?

“कमजोर आहे तो. काढून टाक.”

माझ्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलबद्दल हा सल्ला मला इतक्या जणांनी दिलाय, की त्यातल्या ‘कमजोर’ या शब्दाकडे मी संशयाने बघायला लागलो. हा लेख त्या शब्दाबद्दल आहे. आणि एखादी वस्तू (किंवा एखादं माणूस) मजबूत करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याबद्दल.

आधी गाडीविषयी. माझदा हे नाव आपल्याकडे स्वराज माझदाच्या ट्रकांमुळे आणि मिनीबसमुळे ओळखीचं आहे. पण याच जपानी कंपनीने १९८९ साली मियाटा नावाची छोटी स्पोर्ट्स कार आणली. दोनच सीट, कापडी टप, पुढे इंजिन, ताकद मागच्या चाकांना आणि वजन हजार किलोच्या आसपास. भारतात ती रीतसर कधी आलीच नाही. अमेरिकेत मात्र ती हौशी लोकांची लाडकी आहे: जुनी गाडी आटोक्यातल्या पैशांत मिळते, घराच्या गॅरेजात उघडता येते आणि सुटे भाग भंगारवाड्यातही सापडतात. माझी १९९१ ची आहे, १.६ लिटरच्या इंजिनाची. मी तिला टर्बो बसवलाय. आणि टर्बो म्हटला की तो सल्ला येतोच: सहा इंची डिफरन्शियल काढ, मोठा टाक.

(आपल्याकडे हा उद्योग कायद्यातच अडकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे लावलं. त्यामुळे इथलं वाचून तिथे पाना हातात घेऊ नका. पुढचा प्रश्न मात्र पान्याशिवायही पडतो.)

‘कमजोर’ म्हणजे कशापुढे?

डिफरन्शियल दोन कामं करतो. पहिलं काम वळणाचं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. माझ्या गाडीची मागची दोन चाकं एकमेकांपासून सुमारे १.४३ मीटरवर आहेत. पूर्ण यू-टर्न घेतला तर बाहेरचं चाक जवळपास साडेचार मीटर जास्त चालतं. बैलगाडीत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात आणि ओढायचं काम बैलांचं असतं. मोटारीत आसानेच चाकं फिरवायची असतात. म्हणून दोघांना ताकद द्यायची, पण वेगवेगळ्या वेगाने फिरायची मुभाही ठेवायची, असं यंत्र मधे बसवावं लागतं.

दुसरं काम ताकद वळवण्याचं. इंजिनाकडून येणारा दांडा गाडीच्या लांबीत फिरतो, चाकांचा आस रुंदीत. मधे एक लहान पिनियन आणि एक मोठं दातेरी चाक असतं. गॅरेजवाले त्या जोडीला क्राऊन-पिनियन म्हणतात. सहा इंची म्हणजे या क्राऊनचा व्यास सहा इंच, साधारण १५२ मिलिमीटर.

आता थोडे आकडे, कारण त्यांच्याशिवाय ‘कमजोर’ हा नुसता शेरा राहतो. मूळ इंजिन ११६ अश्वशक्तीचं. त्याचा टॉर्क, म्हणजे पीळ, जास्तीत जास्त १३६ न्यूटन-मीटर. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला चौदा किलो वजन टांगलं तर जेवढा पीळ बसेल, तेवढा. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स तो ३.१३६ पट करतो आणि क्राऊन-पिनियन आणखी ४.३ पट. गुणाकार केला तर मागच्या आसावर सुमारे १,८३० न्यूटन-मीटर येतात.

दुसऱ्या बाजूने बघा. जोरात निघताना गाडीचं वजन मागे झुकतं. मागच्या दोन चाकांवर साधारण सहाशे किलो आले, आणि टायरची पकड त्यांच्यावरच्या वजनाइतकी धरली, तर टायर घसरायच्या आधी सुमारे १,७०० न्यूटन-मीटर पेलतात. हा हिशोब ढोबळ आहे, पण त्यातून दिसतं ते फार देखणं आहे. इंजिन जेवढं देतं, जवळजवळ तेवढंच टायर घेतात, आणि त्या दोघांच्या मधे बसलेल्या डिफरन्शियलला तेवढंच सोसावं लागतं. गाडी बनवणाऱ्यांनी सगळं एका मापात कापलं होतं. त्या मापात सहा इंच अगदी पुरेसे होते.

तो डिफरन्शियल कमजोर झाला तो मी टर्बो बसवल्यावर. त्याचा एकही दात बदललेला नाही, पोलाद तेच आहे. बदलली ती मागणी. कमजोरी हा त्याचा गुण नव्हताच, ते माझं आणि त्याचं नातं होतं. पण बोलताना मी काय म्हणतो? ‘हा कमजोर आहे.’ ‘मी जास्त मागतोय’ असं कोणी म्हणत नाही.

ही भाषेची लबाडी गाड्यांपुरती असती तर सोडून दिली असती. पण ‘तो अभ्यासात कच्चा आहे’, ‘तिला प्रेशर झेपत नाही’, ‘आजकालची पोरं नाजूक आहेत’ ही सगळी वाक्यं याच घडणीची आहेत. प्रत्येकात एक मागणी लपलेली आहे आणि ती मागणी करणारा वाक्यातून गायब आहे.

दात मोडतो तो कधी?

टर्बोनंतर इंजिन, समजा, २५० न्यूटन-मीटर देतं. तोच गुणाकार केला तर पहिल्या गिअरमध्ये आसावर ३,३७० येतात. टायर मात्र अजूनही १,७०० च्याच आसपास घेतात. उरलेलं सगळं चाक जागीच गरगर फिरण्यात जातं, धूर होतो. म्हणजे एकसारखा दाब द्या, तर पहिल्या गिअरमध्ये डिफरन्शियलला पूर्वीपेक्षा फार जास्त सोसावं लागत नाही. मग हे सहा इंची मोडतात कसे?

मोडतात ते झटक्याने. इंजिन वाढवलेला माणूस दुसरी गोष्ट करतो ती चिकट टायर घेण्याची, म्हणजे जिथे घसरून सुटका होत होती तो दरवाजा बंद. तिसरी गोष्ट, चढ्या आरपीएमवर क्लच एकदम सोडणं. आणि चौथी, जी कोणी मुद्दाम करत नाही: चाक घसरतं, पकडतं, परत घसरतं, परत पकडतं, मागची बाजू धडधडत उड्या मारते. प्रत्येक वेळी पकड बसली की गरगरणाऱ्या सगळ्या वस्तुमानाचा धक्का एका क्षणात दोन-तीन दातांवर येऊन आदळतो. ओझ्याने जे मोडत नाही ते हिसक्याने मोडतं.

शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, जिथे पूर्वी डिफरन्शियल निवांत असायचा, तिथेही आता तो सतत ताणाखाली असतो. धातूला थकवा येतो. एके दिवशी साध्या वळणावर, फारसं काही मागितलेलं नसताना, दात जातो. मग लोक म्हणतात, ‘एवढ्याशा गोष्टीने मोडला.’ त्या एवढ्याशा गोष्टीच्या मागे किती किलोमीटर साठले होते, ते कोणी मोजत नाही.

तुटण्याची जागा सरकते

तर उपाय काय? सगळ्यात रुळलेला उपाय म्हणजे १९९४ नंतरच्या १.८ लिटरच्या मियाटातला सात इंची डिफरन्शियल. १७८ मिलिमीटरचा क्राऊन. चाकांना तेवढाच पीळ पोचवताना त्याच्या दातांवरचा जोर, नुसत्या त्रिज्येच्या हिशोबाने, सुमारे १५ टक्के कमी होतो; शिवाय दातही जाड. १.८ च्या सुरुवातीच्या गाड्यांत त्याचं गुणोत्तर ४.३ ऐवजी ४.१ असतं. टर्बोच्या गाडीला ते मानवतं, कारण तिचा पहिला गिअर तसाही क्षणात संपतो. नुसता डिफरन्शियल उचलून चालत नाही. इंजिनाकडून येणारा लांब दांडा आणि चाकांकडे जाणारे दोन आखूड शाफ्टही त्याच्याच जोडीचे घ्यावे लागतात. ही यादी महत्त्वाची आहे. मजबूत वस्तू एकटी येत नाही, शेजाऱ्यांनाही बदलायला लावते.

आणि ती बसवली की काय होतं? ज्यांनी ही वाट आधी चालली आहे त्यांचं उत्तर एकच: आता गिअरबॉक्स. या गाडीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स हाताळायला फार गोड आहे, पण ताकद वाढवत नेली की त्याचे दात जातात. मग सहा गिअरचा घ्या. मग क्लच जड घ्या. मग चाकांकडचे शाफ्ट. साखळीतली एक कडी जाड केली म्हणून साखळी तुटायची थांबत नाही. तुटणं पुढच्या कडीवर जाऊन बसतं.

माझा एक मित्र म्हणतो, मग सगळंच जाड कर. तो मियाटात अमेरिकन व्ही-एट इंजिन बसवणाऱ्या पंथाचा. त्या पंथात मागे फोर्डचा ८.८ इंची डिफरन्शियल टाकतात, मोठ्या गाड्यांसाठी बनलेला. तो खरोखर हार मानत नाही. पण त्याचं वजन गाडीच्या शेपटीला लटकतं, त्याला धरायला वेगळी चौकट करावी लागते, आणि ज्या हलकेपणासाठी ही गाडी घेतली तो थोडाथोडा विकून ही मजबुती विकत घ्यावी लागते.

‘सगळंच जाड कर’ या स्वप्नाचं टोक अमेरिकेतच एका कवीने १८५८ साली दाखवून ठेवलंय. ऑलिव्हर वेन्डेल होम्स हा डॉक्टर-लेखक. त्याच्या एका विनोदी कवितेतला चर्चचा एक डीकन एक घोडागाडी बनवतो. त्याचं तर्कशास्त्र बिनतोड आहे: गाडी झिजून संपत नाही, ती मोडते, आणि मोडते ती कुठल्यातरी एका कच्च्या जागी. म्हणून कच्ची जागाच ठेवायची नाही. प्रत्येक भाग दुसऱ्याइतकाच पक्का. ही गाडी बरोबर शंभर वर्षं चालते. आणि शंभर वर्षं पूर्ण होतात त्या दिवशी, त्या तासाला, सगळीच्या सगळी एका क्षणात भुगा होऊन पडते. कुरकुर नाही, सूचना नाही, दुरुस्त करायला एकही भाग शिल्लक नाही.

होम्सला यातून त्याच्या काळच्या कडक धर्मशास्त्राची थट्टा करायची होती असं मानलं जातं. मी ती गोष्ट यंत्राची म्हणून घेतो. जिथे कच्ची जागा नाही तिथे इशाराही नाही.

फ्यूजची बाजू

आपल्याला हे नवीन नाही. जुन्या घरांत चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असायचे, अजून असतात. फ्यूज सारखा उडतो म्हणून वैतागून कोणीतरी त्यात जाड तार अडकवतो. फ्यूज उडायचा थांबतो. आता तापते ती भिंतीतली वायर, जी दिसत नाही. ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडतात तिथे शाफ्टला शिअर बोल्ट असतो. जमिनीत मोठा दगड लागला की तो बोल्ट कापला जातो आणि गिअरबॉक्स वाचतो. सारखं थांबून बोल्ट बदलायचा कंटाळा येतो, म्हणून दुकानातून हाय टेन्साइल बोल्ट आणून टाकतात. बोल्ट टिकतो. पुढचा दगड गिअरबॉक्सच्या वाट्याला.

फ्यूज किंवा शिअर बोल्ट ही कमजोर वस्तू खरी, पण तिथे कोणीतरी विचार करून ठेवलेली. कोणीतरी आधीच ठरवलंय की तुटायची वेळ आली तर तुटणं इथे व्हावं. म्हणून मला वाटतं, डिफरन्शियल निवडताना ‘कुठला सगळ्यात मजबूत’ हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा: हा मजबूत झाल्यावर तुटण्याची पाळी कोणावर येते, आणि ते मी ठरवलंय की नशिबावर सोडलंय?

डिफरन्शियलच्या बाबतीत याला पोटतिडकीचं कारणही आहे. वेगात असताना मोडलेला दात फिरत्या दातांत अडकला, तर मागची चाकं आवळली जाऊ शकतात. शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाने माझ्या टर्बोच्या हौसेला संमती दिलेली नसते. तो फक्त फेरफटका मारायला आलेला असतो.

पण माणसं फ्यूज नाहीत

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण ‘कमजोर कडीचं मोल’ हा युक्तिवाद सरळ माणसांवर नेला तर फार वाईट ठिकाणी पोचतो. ‘कोणीतरी तुटायलाच हवं, त्यानेच बाकीचे वाचतात’ हे वाक्य यंत्राबद्दल शहाणपणाचं आहे. समाजाबद्दल ते फार जुनं आणि फार सोयीचं आहे. आपल्याकडे शतकानुशतकं काही लोकांना जन्मानेच फ्यूजच्या जागी बसवलं गेलं. घाण, धोका, भूक, अपमान, जो काही झटका आला तो आधी त्यांच्यावर. वर त्याला व्यवस्था म्हटलं गेलं.

अगदी अलीकडचं बघा. फोनवर वचन यायचं, दहा मिनिटांत सामान घरपोच. रस्ता, सिग्नल, पाऊस, लिफ्ट यांतलं काहीही दहा मिनिटांना बांधील नाही. मग ताण कुठे जायचा? स्कूटरवर बसलेल्या पोराच्या मनगटात. कंपनी मजबूत, अॅप मजबूत, गिऱ्हाइकाची सवय मजबूत. साखळीत एकच मऊ वस्तू उरते आणि ती हाडामांसाची असते.

घरातही हेच, फक्त गोड शब्दांत. ‘आमची ताई खंबीर आहे हो.’ ज्या घरात हे वाक्य ऐकू येतं तिथे ताईवर आणखी एक जबाबदारी टाकायची तयारी चाललेली असते. सहा इंचीला कमजोर म्हणणं आणि ताईला खंबीर म्हणणं, दोन्हीत मागणारा गायब आहे. कमजोर म्हटलं की बदलून टाकायची सोय होते, खंबीर म्हटलं की लादत राहायची.

मग फ्यूज ठेवायचाच नाही का? तो ठेवावाच लागतो; नाही ठेवला तर सगळ्यात गरीब माणूस आपोआप फ्यूज होतो. म्हणून माझ्या मते न्याय्य कच्च्या जागेच्या तीन अटी आहेत, आणि त्या मला या गाडीखाली पडून सुचल्या.

पहिली अट: जे तुटेल ते पुन्हा आणता आलं पाहिजे. बोल्ट पुन्हा मिळतो. पाठीचा कणा, शिकायची वर्षं, झोप पुन्हा मिळत नाही. या एका अटीवरच माणूस फ्यूज म्हणून बाद होतो, कायमचा.

दुसरी: तुटण्याआधी कळलं पाहिजे. आवाज, वास, घसरणं, काहीतरी. जी वस्तू शेवटच्या क्षणापर्यंत हसतमुख राहते ती फ्यूज म्हणून भयंकर.

तिसरी: तुटणं भार टाकणाऱ्याच्या जवळ घडलं पाहिजे. झटका जो देतो त्यालाच त्याची झळ आधी लागली पाहिजे.

या तीन अटी लावल्या की माणसांच्या बाबतीत उत्तर बरंच स्पष्ट होतं. तुटायचंच असेल तर वचन तुटू दे, माणूस नको. दहा मिनिटांची पंचवीस मिनिटं होऊ देत. गौरीच्या जेवणाला पंचपक्वान्नांचा बेत मोडू दे, करणारीची कंबर नको. तारीख पुढे जाऊ दे, नफा घटू दे, पाहुणे नाराज होऊ देत. प्रत्येक घरात आणि प्रत्येक ऑफिसात एखादी अशी निर्जीव गोष्ट आधीच ठरवून ठेवलेली असली पाहिजे, जी पहिली मोडेल. बहुतेक ठिकाणी ती ठरलेली नसते. म्हणून माणसं मोडतात.

मजबुतीचा दुसरा अर्थ

डिफरन्शियल निवडताना आणखी एक गोष्ट निवडावी लागते, ती म्हणजे दोन चाकांत वाटणी कशी करायची. इथे मजबुतीचा वेगळाच अर्थ सापडतो.

साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच पीळ देतो. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! पण एक चाक वाळूत गेलं की ते जेवढं पेलू शकतं तेवढंच दुसऱ्यालाही मिळतं. पक्क्या रस्त्यावरचं चाक धडधाकट असून गप्प उभं, वाळूतलं चाक गरगर. समान वाटप झालं, गाडी मात्र जागची हलली नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला काही लोक आतले गिअर वेल्डिंग करून टाकतात. ड्रिफ्टिंगवाल्यांचा हा स्वस्त उपाय. दोन्ही चाकं एक. आता कोणी मागे राहत नाही, पण वळणावर कोणाला वेगळं चालताही येत नाही. टायर फरपटतात, शाफ्टवर पीळ साठतो. सक्तीची एकी सरळ रस्त्यावर शोभते. ट्रॅक्टरचं डिफरन्शियल लॉक यापेक्षा शहाणं असतं: चिखलात एक चाक फिरायला लागलं की पेडल दाबायचं, बाहेर पडलं की सोडायचं. वळायच्या आधी ते सुटलंच पाहिजे, हे कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला सांगावं लागत नाही.

मधला एक मार्ग टॉर्सन नावाचा आहे. व्हर्नन ग्लीसमन या अमेरिकन माणसाची ही रचना. आत वर्म गिअर असतात, आणि ज्या चाकाला जास्त पकड आहे तिकडे ते आपोआप जास्त पीळ पाठवतात, पण ठरावीक पटीतच. म्हणजे दुबळ्या चाकाला जेवढं पेलतं त्याच्या दोन-तीन पट दुसऱ्याला. जो पेलू शकतो त्याने जास्त पेलायचं, पण किती जास्त यालाही मर्यादा. यात एक गोम आहे. एक चाक हवेतच उचललं गेलं, त्याची पकड शून्य झाली, तर शून्याला कितीनेही गुणा, शून्यच. टॉर्सनही मग हतबल होतो. दुबळ्याला निदान जमिनीवर पाय टेकवता आले पाहिजेत, तरच सबळाच्या ताकदीचा उपयोग. तोवर कितीही हुशार वाटणी कामाची नाही.

वाटणी नीट असेल तर एक चाक सुटून मग एकदम पकडण्याचे हिसके कमी होतात. जाडी न वाढवता आयुष्य वाढतं. मजबुतीचा हा अर्थ मला जास्त आवडतो: कमी मोडणं यापेक्षा मोडायची वेळ कमी येणं.

मी काय निवडलं

टर्बो काढून टाकणं हा पर्याय मी आधी विचारात घेतला, कारण कुठलीही गोष्ट मजबूत करण्याआधी मागणी कमी करता येते का हे बघायलाच हवं. काढला नाही. मला तो आवडतो, आणि आवड ही काही लाजायची गोष्ट नाही. पण त्याचा दाब कमी केला, २५० ऐवजी साधारण २२० न्यूटन-मीटरवर आणला. डिफरन्शियल घेतला तो भंगारवाड्यातला सात इंची टॉर्सन, दांडा आणि दोन्ही शाफ्टसकट. सहा इंची ठेवला असता तर तुटण्याची जागा मागच्या आसाच्या मधोमध राहिली असती: न दिसणारी, इशारा न देणारी, शेजाऱ्याला धोक्यात घालणारी. माझ्या तीनपैकी एकाही अटीत ती बसत नव्हती.

आणि मग दोन गोष्टी मुद्दाम जाड केल्या नाहीत. टायर साधेच ठेवले. क्लच २२० ला पुरेल एवढाच ठेवला, त्याहून जड घेतला नाही. आता मी हावरटपणा केला तर आधी टायर घसरतो, नाहीतर क्लच घसरतो. तो घसरताना जळका वास येतो, आरपीएम चढतात आणि गाडी पुढे जात नाही. तुटत काहीच नाही, थोडी झीज होते आणि पाय उचलला की सगळं पूर्ववत. क्लच माझ्याच पायाखाली आहे. झटका देणारा मी, वास घेणाराही मीच.

मित्राला हे हास्यास्पद वाटतं. त्याच्या मते मी पैसे खर्च करून हळू गाडी बनवली. हिशोबाने तो बरोबर आहे. सिग्नलवरून सुटताना जे सेकंदाचे अंश मी मिळवू शकलो असतो ते मी सोडून दिलेत. त्या गाडीत मोडण्यासाठी मी नेमलेली वस्तू तीच आहे.

सात इंचीला तेल भरताना मी खालच्या ड्रेन प्लगच्या जागी चुंबक असलेला प्लग लावला. दर तेलबदलीला तो काढून पुसायचा आणि बघायचा. राखाडी, लोण्यासारखा बारीक लेप असेल तर काळजी नाही. चालत्या यंत्राची ती रोजची झीज. पण बोटाला टोचेल असा कण दिसला तर आत काहीतरी सोसतंय, आणि ते मला अजून ऐकू आलेलं नाही.

पाच मिनिटांचं काम आहे. माणसांच्या बाबतीत याला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागतात, आणि ‘कसा आहेस?’ला ‘मस्त!’ असं उत्तर आल्यावर आणखी एकदा विचारावं लागतं.